मोत्याला कडी नाही

शाळेत कित्ता गिरवला तो अक्षर वळणावर यावं म्हणून. पन्नाशी उलटल्यावर पुन्हा एक कित्ता समोर घेतला, योहानेस फर्मीरच्या ‘मोत्याचं कानातलं घातलेली मुलगी’ या चित्राचा. मूळ चित्र साधारण १६६५चं, हेगच्या मॉरिट्सहाउसमध्ये आहे. माझ्यापुढे त्याचा छापील फोटो. कॅनव्हास मात्र हट्टानं मूळ मापाचा घेतला, ४४.५ बाय ३९ सेंटिमीटर.

व्यक्तिचित्र शिकणाऱ्याला पहिला धाक असतो सारखेपणाचा. बसलेल्या माणसाच्या घरचे येतात, मान तिरकी करतात आणि ‘नाक जरा वेगळं वाटतंय’ म्हणतात. इथे तो धाक नाही. ही मुलगी कोण, हे ठाऊक नाही. कदाचित कोणीच नाही. सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांत ‘ट्रोनी’ नावाचा प्रकार होता. ओळख पटावी म्हणून नव्हे, तर भाव, पेहराव आणि उजेड यांच्यासाठी रंगवलेला चेहरा. म्हणजे जुळवायचं ते माणसाशी नाही, रंगाशी.

आणि तिथेच फसलो. दोन खेपा मी नाक काढलं. फर्मीरनं ते काढलेलंच नाही! नाकाचा कणा आणि पलीकडचा गाल यांच्यात रेघच नाही. एकच उजळ रंग सरळ पुढे गेलाय, नाक आपण मनानं पुरं करतो. माझ्या हाताला नाक आधीच पाठ होतं, म्हणून तो डोळ्यांचं ऐकेना. मोत्याचंही तेच. मी गोल आखला, पाळीतून कडी ओवली. मुळात गोलाची कड नाही आणि कडीही नाही. वर पांढऱ्याचा जाड ठिपका, खाली कॉलरचं मऊ प्रतिबिंब, मध्ये मानेची सावली. मोती नुसता अधांतरी आहे. ती कडी खरवडून काढताना मला जरा अपमान झाल्यासारखं वाटलं, हेही सांगून टाकतो.

‘नक्कल’ या शब्दाला आपल्याकडे हलकेपणाचा वास आहे. पण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याची चित्रं उतरवून घेत होते, आणि त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी होते. लंडनला गेलेल्या त्या प्रतींपैकी बऱ्याच १८८५च्या आगीत जळाल्या. पेस्तनजींच्या हातात जे उतरलं होतं ते मुंबईतच होतं; पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून त्यांचं नाव झालं.

माझी खरी पंचाईत पुढची. २०१८मध्ये संशोधकांनी हे चित्र यंत्रांखाली बारकाईनं तपासलं, तेव्हा कळलं की मागे काळोख नव्हताच, हिरवा पडदा होता. नीळ आणि वेल्ड या वनस्पतीचा पिवळा यांचा पारदर्शक हात काळाबरोबर विटला. डोळ्यांना बारीक पापण्याही होत्या. म्हणजे आठवडाभर मी जो काळा दाट करत बसलो, तो फर्मीरचा नाही, साडेतीनशे वर्षांचा. मग गिरवायचं कोणाचं?

सगळ्यात बारीक ब्रश घेऊन पापण्या काढून पाहिल्या. ती मुलगी एकदम कोणीतरी ओळखीची वाटायला लागली. रंग ओला होता तोवर चिंधीनं टिपून घेतल्या. मागचा काळाही खरवडलाय. तूर्त तिथे तपकिरी अस्तर आहे.