अंतर हाही पुरावाच

फ्रान्समध्ये आजही सुमारे ३५ हजार कम्यून आहेत. कम्यून हा तिथल्या कारभाराचा सर्वांत लहान घटक. मोठे शहरही कम्यूनच आणि शंभर-दीडशे वस्तीचे खेडेही कम्यूनच. देशाचे क्षेत्रफळ या आकड्यात वाटून टाकले तर प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा-सोळा चौरस किलोमीटर येतात, म्हणजे ढोबळमानाने दर चार किलोमीटरला एक चर्च, एक गावकचेरी आणि एक दफनभूमी. यातली बहुतेक गावे मध्ययुगातल्या चर्चच्या हद्दींवरून आलेली आहेत, आणि त्या हद्दी ठरवल्या त्या सकाळी शेतावर जाऊन संध्याकाळी घरी परतणाऱ्या माणसाच्या पायांनी. १७९० साली क्रांतीनंतरच्या सरकारने जुने प्रांत मोडून ८३ देपार्तमां, म्हणजे जिल्हे आखले, तेव्हाही जिल्ह्याच्या ठिकाणी घोड्यावरून एका दिवसात पोचता यावे असा हिशोब धरला होता. खेडे, बाजारगाव आणि शहर ही उतरंड त्यांच्यामधल्या अंतरांतून कशी उभी राहते, हे फर्नां ब्रोदेल या इतिहासकाराने फ्रान्सवरच्या आपल्या शेवटच्या ग्रंथात विस्ताराने मांडले आहे. एखादे गाव जिथे आहे तिथेच का, आणि पुढचे गाव तेवढ्याच अंतरावर का, या प्रश्नाचे उत्तर हा इतिहासाचा पुरावा आहे. तो संग्रहालयात ठेवता येत नाही. तो रस्त्यावर पडलेला असतो. माझे म्हणणे असे की हा पुरावा वाचण्याचे सर्वांत चांगले साधन सायकल आहे. फ्रान्समधला लांब पल्ल्याचा सायकलप्रवास आपल्याकडे व्यायाम, धाडस किंवा निसर्गाची मजा या सदरांत टाकला जातो. तो अभ्यासाच्या सदरात जायला हवा.

पायीच अंतर कळते तर पायीच का जाऊ नये, असा पहिला प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. चालणाऱ्याला एक मुलूख फार खोलवर कळतो. पण एका मुलखाचे वेगळेपण कळायला दुसरा मुलूख शेजारी लागतो, आणि पहिला अजून डोळ्यांत ताजा असताना दुसरा समोर यावा लागतो. दिवसाला सत्तर-ऐंशी किलोमीटर जाणाऱ्या सायकलस्वाराला हे साधते. तुलूज शहर विटांचे आहे, कारण ते गारोन नदीच्या गाळाच्या मैदानात वसले आणि जवळपास बांधकामाचा दगडच नव्हता. तिथून पूर्वेला निघालेल्या माणसाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी विटा विरळ होऊन दगडी भिंती लागतात. उत्तरेकडे ल्वार नदीच्या काठी सोम्युरच्या आसपास पांढरा, मऊ, करवतीने कापता येणारा चुनखडीचा दगड आहे आणि छपरांवर आंजेच्या बाजूच्या खाणींतली काळी पाटी आहे. दक्षिणेला सरकत जावे तशी पाटी संपून लाल कौले सुरू होतात. मोटारीतून हे सगळे बदल एका दुपारी सरकून जातात आणि एकमेकांत मिसळतात. चालणाऱ्याला ते दिसायला महिना लागतो. सायकलीवर ते आठवड्याच्या आत, एकेक करून, कारणासकट समोर येतात.

शार्त्रच्या कथीड्रलचे उदाहरण घ्या. बोस हा पॅरिसच्या नैर्ऋत्येचा सपाट, गव्हाचा प्रदेश. ११९४ च्या आगीनंतर उभे राहिलेले हे कथीड्रल त्या सपाटीवर पंधरा-वीस किलोमीटरवरून दिसू लागते. आधी शहर दिसतच नाही. गव्हाच्या शेतात दोन असमान मनोरे आणि एक उंच छप्पर तेवढे उभे असते. तासभर पॅडल मारत राहिले तरी ते जवळ आल्यासारखे वाटत नाही. मग घरांची पहिली ओळ दिसते आणि मनोरे काही वेळ झाकले जातात. मध्ययुगातल्या यात्रेकरूला ही इमारत जवळपास याच क्रमाने दिसली असणार, आणि ती एवढी उंच का बांधली याचे अर्धे उत्तर या तासात मिळते. वाहनतळावर उतरून थेट दारात उभे राहणाऱ्याला काचचित्रे तीच दिसतात, पण मैदान आणि मनोरा यांचे नाते त्याच्या हातून सुटते.

सर्वांत बोलके उदाहरण मात्र कनाल द्यु मिदीचे. तुलूजपासून भूमध्य समुद्राजवळच्या तो सरोवरापर्यंत २४० किलोमीटरचा हा कालवा पिएर-पोल रिके या मीठकर वसूल करणाऱ्या अधिकाऱ्याने उभा केला. १६६६ मध्ये राजाज्ञा निघाली, १६८१ मध्ये कालवा खुला झाला, आणि रिके त्याच्या काही महिने आधी वारला. पुस्तकात हे वाचताना पाणी वाहून नेले एवढेच लक्षात राहते. काठच्या वाटेवर, जिथून पूर्वी घोडे बोटी ओढत, सायकल घातली की रिकेपुढची अडचण पायांना कळते. वाट कित्येक किलोमीटर पूर्ण सपाट जाते. मग एक लॉक, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोटी चढवण्या-उतरवण्याचे दरवाजांचे टाके, येते आणि वाट एकदम दोन-तीन मीटर चढते. लॉकच्या भिंती अंडाकृती आहेत, कारण सुरुवातीच्या सरळ भिंती मातीच्या दाबाने ढासळल्या होत्या. चढ संपला की पुन्हा सपाटी. अशी पायरी-पायरीने वाट नोरूझला पोचते. समुद्रसपाटीपासून १८९ मीटरवरचे हे ठिकाण म्हणजे जलविभाजक: इथून एका बाजूचे पाणी अटलांटिकला जाते, दुसऱ्या बाजूचे भूमध्य समुद्राला. पुढच्या प्रत्येक लॉकला वाट उतरू लागते. कालव्याचा सर्वांत उंच बिंदू म्हणजे पाणी सर्वांत लवकर संपणारा बिंदू; तिथे बारमाही पाणी आणायचे कुठून, हाच रिकेपुढचा प्रश्न होता. त्याने काळ्या डोंगरातले ओढे वळवले, सां-फेरेओलला धरण बांधले आणि त्या पाण्याचा पाट नोरूझपर्यंत आणला. अंगावर घाम असताना ही युक्ती जितकी थोर वाटते तितकी ती आकृतीत वाटत नाही.

याच वाटेवर लोरागे प्रदेश लागतो, आणि इथे आपल्या इतिहासाचा एक धागा आडवा येतो. सोळाव्या शतकात इथली शेते पास्तेल नावाच्या निळ्या रंगाच्या वनस्पतीने भरलेली होती. पाने दळून, गोळे करून, वाळवून तो रंग युरोपभर विकला जाई. तुलूजमधला १५५५ मध्ये बांधायला घेतलेला ओतेल दासेझा हा वाडा पास्तेलच्या व्यापाऱ्यानेच उभारला. मग धर्मयुद्धांनी व्यापार विस्कटला आणि भारतातली नीळ पोर्तुगीज जहाजांतून युरोपात उतरू लागली. गोव्याला राजधानी करून बसलेल्या पोर्तुगीजांच्या व्यापारात ही नीळ मोलाची होती. तिच्यापुढे पास्तेल टिकले नाही. आज तिथे गहू आणि सूर्यफूल आहे. शहरातला श्रीमंत वाडा आणि बाहेरचे साधे शेत यांच्यामध्ये सायकलीचा अर्धा दिवस आहे. तो अर्धा दिवस काढला तर वाड्याचा पैसा कुठून आला आणि का थांबला, हे दोन्ही एकाच वाटेवर सापडते.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. आजचे सायकलमार्ग पर्यटनासाठी आखलेले असतात. ल्वारच्या काठाने जाणारा सुमारे ९०० किलोमीटरचा मार्ग घ्या: तो किल्ल्यांच्या, द्राक्षमळ्यांच्या आणि जुन्या पुलांच्या बाजूने वळवलेला आहे, गोदामे आणि कंटाळवाणी उपनगरे होता होईल तो टाळलेली आहेत. मग सायकलस्वाराला फ्रान्स दिसतो की फ्रान्सचे रंगीत पोस्टकार्ड? आक्षेपात तथ्य आहे. पण मार्ग आखणाऱ्यांनाही नदी हलवता येत नाही. सुली-सुर-ल्वारच्या किल्ल्यापासून थोड्याच अंतरावर दांपिएरच्या अणुवीजकेंद्राचे चार प्रचंड शीतक मनोरे उभे आहेत, आणि शांबोरच्या राजवाड्याकडे जाताना सां-लोरांचे. दोघांनाही नदीच हवी होती, राजालाही आणि वीजमंडळालाही. पूर अडवण्यासाठी बांधलेल्या बंधाऱ्यावरून वाट जाते, आणि नदीकाठच्या गावांत भिंतीवर कोरलेल्या रेघा दिसतात: १८४६, १८५६, १८६६. त्यातल्या काही डोक्याच्याही वर असतात. नदीकडे पाहून जे सुंदर वाटले ते त्या रेघेपाशी भीतिदायक होते. पोस्टकार्डावर ती रेघ नसते.

शिवाय सायकलस्वाराला भूक आणि तहान असते, आणि या दोन गरजा त्याला आखलेल्या मार्गाबाहेर खेचतात. सोमवारी बेकरी बंद, हे फ्रान्समध्ये नित्याचे. पण खेड्यामागून खेडे जावे आणि बेकरीच नसावी, काचेवरची अक्षरे तेवढी फिकट होत चाललेली असावीत, हा अनुभव वेगळा. पुष्कळ सायकलवाटा बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर तयार केल्या आहेत. आधी रेल्वे गेली, मग दुकान, मग शाळा. ज्या सपाट, सावलीच्या वाटेचे आपण कौतुक करतो ती त्या गावाच्या तोट्यातून निघालेली आहे. हे मान्य न करता त्या वाटेचे गुणगान करणे मला अप्रामाणिक वाटते. पाण्याचे म्हणाल तर तिथल्या मुरलेल्या सायकलस्वारांची एक सवय आहे: गावात काही उघडे नसेल तर दफनभूमीत जायचे. फुलझाडांना पाणी घालण्यासाठी तिथे नळ असतो. पिण्याजोगे नाही अशी पाटी नाही ना, एवढे पाहून बाटली भरायची. दफनभूमीपाशी नाहीतर चर्चसमोरच्या चौकात १९१४ ते १९१८ च्या युद्धातल्या मृतांचा स्तंभ असतो. चाळीस घरांच्या गावात वीस-पंचवीस नावे, त्यांत एकच आडनाव दोनदा, तीनदा. चार किलोमीटरवर पुढचे गाव, पुन्हा स्तंभ, पुन्हा नावे. फ्रान्सने त्या युद्धात तेरा-चौदा लाख माणसे गमावली हा आकडा कुठेही वाचता येतो. दिवसभरात असे पंधरा-वीस स्तंभ ओलांडल्यावर तो आकडा देशभर कसा पसरला होता ते समजते, आणि ही खेडी रिकामी होण्यात त्या युद्धाचा किती वाटा होता याचाही अंदाज येतो.

दुसरा आक्षेप पैशाचा. सवड आणि साधने असलेल्यांचा हा शौक, असे म्हटले जाते. फ्रान्सपुरता इतिहास याच्या उलट बोलतो. १९३६ मध्ये लेआँ ब्लूम यांच्या पॉप्युलर फ्रंट सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली, आणि त्या उन्हाळ्यात हजारो कामगार सायकली आणि जोडसायकली घेऊन बाहेर पडले. ज्या देशाचे ते नागरिक होते तो अनेकांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. सायकलीने तो त्यांच्या आवाक्यात आणला होता. आजही तंबू, स्टोव्ह आणि नगरपालिकेची स्वस्त तळजागा यांवर तिथे बऱ्याच कमी खर्चात हिंडता येते. पण पुण्या-मुंबईहून जाणाऱ्याला विमान आणि व्हिसा आहेच, आणि विमानाने केलेल्या प्रदूषणाची भरपाई पॅडल मारून होत नाही. या मुद्द्याला माझ्यापाशी पुरते उत्तर नाही. जायचेच असेल तर एकदा जावे, भरपूर दिवस जावे आणि एकच नदी किंवा एकच कालवा धरावा, इतकेच म्हणता येते.

तिसरा आक्षेप शरीराचा आहे: थकलेला माणूस काय पाहणार? मान खाली, नजर पुढच्या चाकावर. पॉल द व्हिव्ही यांना हे पक्के ठाऊक होते. व्हेलोसिओ या टोपणनावाने लिहिणाऱ्या या सांत-एत्येनच्या माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायकलप्रवासाला स्वतंत्र शिस्त दिली. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे, आणि केवळ मानापायी पॅडल मारू नये, हे त्यांच्या नियमांचे सार. दमून आंधळे होऊ नये म्हणूनच त्यांनी गिअर बदलण्याच्या यंत्रणेचा आयुष्यभर पुरस्कार केला, तर टूर द फ्रान्सने ती १९३७ पर्यंत शर्यतीत येऊ दिली नाही. आज बॅटरीच्या सायकलींवरून तोच वाद चालला आहे, आणि माझा कौल व्हेलोसिओंच्या बाजूने आहे. बॅटरीमुळे चढाची साक्ष थोडी पुसट होईल, पण अंतर, वारा, दगड आणि माणसे यांना ती पुसू शकत नाही. आणि साठी उलटलेला माणूस तिच्यामुळे मान वर करून जाणार असेल तर ती जरूर असावी.

या आक्षेपाचा संबंध महाराष्ट्राशी थेट आहे. १८९१ पासून चालत आलेल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या १२०० किलोमीटरच्या मोहिमेला दर चार वर्षांनी शेकडो भारतीय जातात, त्यांत मराठी सायकलस्वार बरेच असतात. पुणे, मुंबई, नाशिकच्या रस्त्यांवर दोनशेपासून सहाशे किलोमीटरपर्यंतच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत संपवायच्या फेऱ्या, पूर्ण करून ते पात्र ठरतात. नव्वद तासांत बाराशे किलोमीटर ही जिद्द खरी आहे आणि तिचा मला आदर आहे. पण त्या घड्याळाखाली पश्चिम फ्रान्स अंधारात निघून जातो. वाटेतल्या फुजेरला कार्डावर शिक्का पडतो आणि सायकल पुढे जाते. ब्रिटनीचे सरदार आणि फ्रान्सचा राजा यांच्या सीमेवर शतकानुशतके उभा असलेला तिथला दगडी किल्ला मागे राहतो. फुजेर पॅरिसपासून तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. मोहीम संपवून, दोन दिवस झोप काढून, त्याच सायकलीवर तिथपर्यंत पुन्हा जायला दिवसाला पंचाहत्तर किलोमीटरच्या बेताने चार दिवस पुरतात. परतीचे तिकीट तेवढे उशिराचे काढावे.