पाहुण्याची नम्रता



पाठीवर पिशवी टाकून गोरखपूरहून बसने सुनौलीला गेलो, की तिथून आपण चालतच नेपाळात शिरतो. व्हिसा लागत नाही. १९९३ पासून आपल्या १०० रुपयांचे तिथे १६० होतात. आपण अचानक श्रीमंत होतो. तरी चहावाल्या मावशीशी दहा रुपयांसाठी घासाघीस करतो! कदाचित तिचाच मुलगा याच वाटेने येऊन आपल्या इमारतीवर रात्रभर पहारा देत असेल. त्याचे नाव तरी आपल्याला ठाऊक आहे का?

येशूने शिष्यांना झोळीही न देता पाठवले (लूक १०), म्हणजे ते परक्याच्या दारी पाहुणे म्हणून जातील, मालक म्हणून नव्हे. प्रभू आपल्यालाही ही नम्रता देवो. आमेन.