शुश्रूषेचे मोल

वेतन देऊन दुसऱ्याच्या हातून करविलेली आईबापांची शुश्रूषा ही सेवा होय काय, हा प्रश्न आरती आटोपल्यावर आमच्या देवळांच्या मंडपांत हलक्या आवाजात विचारला जातो. मोठ्याने विचारण्याची लाज वाटते; कारण पुंडलिकाची कथा ऐकतच आपण सारे लहानाचे मोठे झालो. प्रत्यक्ष भगवंत दारी आला असता पुंडलिक त्यास विटेवर तिष्ठत ठेवतो, आणि आम्ही मात्र दरमहा पैसे पाठवून मोकळे होतो, हा सल कित्येकांच्या मनात आहे. सल खरा आहे; पण त्यावरून जो निष्कर्ष काढला जातो, तो आम्हांस तितकासा खरा वाटत नाही.

फोंड्यासारखे लहान शहर घ्या. सोळाव्या शतकात मंगेश कुशस्थळीहून, शांतादुर्गा केळोशीहून आणि म्हाळसा वेरण्याहून या अंत्रुज महालात आली. देवांबरोबर माणसे आली आणि त्यांनी येथे कुळागरे लावली. आज माणसे येथून मुंबईस, बंगळुरास, दुबईस जात आहेत. मागे उरते ते घर, अंगणातील तुळस आणि ओसरीवर बसलेली ऐंशीच्या घरातील आई. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढील माणसे शेकडा ८.६ होती, गोव्यात हे प्रमाण ११.२ होते, म्हणजे राज्यांमध्ये केरळाच्या खालोखाल.

आता थोडा हिशेब मांडू. धर्मचर्चेत हिशेब काढणे अशिष्ट समजले जाते. परंतु तो न काढल्यानेच पुष्कळसा अन्याय झाकला जातो. अंथरुणास खिळलेल्या माणसाजवळ अहोरात्र कोणी तरी हवे. एकाने आठ तास काम करावे असे धरले, तर तिघे लागतात. प्रत्येकास दिवसाचे ६०० रुपये दिले असे समजा. महिन्याचे ५४,००० होतात. औषधे निराळी. उलट बाजूस काय आहे? दारिद्र्यरेषेखालील वृद्धांस केंद्राकडून ऐंशीपर्यंत दरमहा २०० आणि पुढे ५०० रुपये. गोव्याच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे २,००० रुपये. २०२४ पासून सत्तरीपुढील सर्वांस आयुष्मान भारत योजनेखाली कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली, ही मोठीच गोष्ट. पण ती रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी. घरी दर दोन तासांनी कूस पालटविणाऱ्या हातांसाठी तीत काही नाही. धर्मादाय वृद्धाश्रमांस वस्तू व सेवा करातून सूट देताना २०१८ साली सरकारने माणशी दरमहा २५,००० रुपयांची मर्यादा घातली. धर्मादाय म्हटले तरी खर्च कोठवर जाऊ शकतो, हे त्या आकड्यावरूनच कळावे.

मग पूर्वी हा खर्च कोण करीत असे? तो नव्हताच, असे म्हणणे सोयीचे आहे. तो सुनेने केला. पैशांत नव्हे, तर झोपेत, कंबरेत आणि न गेलेल्या माहेरात केला. पुण्य मुलाच्या नावे जमा झाले आणि ओले अंथरूण तिच्या वाट्यास आले. पुंडलिकाने आईबापांचे पाय स्वतः चेपले होते, पत्नीस बोलावून तिच्याकडून चेपवून घेतले नव्हते. त्याचा दाखला देणाऱ्याने निदान एवढे ध्यानात ठेवावे.

वेतनाने सेवा विटाळते असेही आम्हांस वाटत नाही. देवाची पूजा आपण भटजींच्या हातून करवितो, दक्षिणा देतो. म्हणून पूजा विकत घेतली असे कोणी म्हणत नाही. पण संकल्प यजमानाचाच असावा लागतो. त्याने सोवळे नेसून पाटावर बसावे लागते, उदक त्याच्याच हातून सोडले जाते. दक्षिणेचे पाकीट पाठवून यजमान बाजारात निघून गेला, तर त्या पूजेस काय म्हणावे? शुश्रूषेचेही तसेच आहे. आईस रात्री कोणती गोळी द्यायची, ती देणाऱ्या बाईचे नाव काय, तिच्या स्वतःच्या आईजवळ आज कोण आहे, हे ज्या मुलास ठाऊक आहे तो दुबईत असला तरी पाटावर बसलेला आहे. शेजारच्या खोलीत राहूनही ज्यास ते ठाऊक नाही, त्याच्याविषयी काय बोलावे!

पैसा कोणाचा, हा प्रश्न याहून अवघड. पुष्कळ माता आपल्या औषधासाठी कुळागराचा तुकडा विकू देत नाहीत, “पोरांचें कशें खावचें?” म्हणतात. गोव्याच्या वारसा कायद्याने आईबापांच्या मालमत्तेचा अर्धा वाटा मुलांसाठी राखलेला आहे. मृत्युपत्राने तो सहजासहजी काढून घेता येत नाही. मुलांचा हक्क असा पक्का, कर्तव्याचे काय? पालक व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या केंद्रीय कायद्यात निर्वाहाची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे. सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलेले घर, अट मोडल्यास परत मागता येते, हे त्याच कायद्यात आहे. पण मुलाविरुद्ध न्यायाधिकरणाची पायरी चढणारी आई विरळा. आमच्या मते ते कुळागर, ती जिवंत आहे तोवर, तिचे आहे. वारसांनी त्याकडे डोळे लावून तिच्या उशाशी बसू नये, आणि तिनेही मुलांचे खाते आहे असे मानू नये.

आणि ज्यांना कुळागरही नाही, मुलेही नाहीत? त्यांच्यासाठी देवस्थानांकडे पाहणे गैर नव्हे. दूरच्या कुळाव्यांस उतरता यावे म्हणून प्रत्येक मोठ्या देवळाभोवती अग्रशाळा आहेत. जत्रेचे आणि पालखीचे दिवस सोडले तर त्यांतील बऱ्याच खोल्यांची कुलुपे निघत नाहीत. १९३३ च्या देवस्थान नियमावलीने बांधलेला कारभार असल्यामुळे खर्चास मंजुरी लागेल, हरकती येतील, सोवळ्याओवळ्याचाही प्रश्न कोणी काढील. तरी महाजनांच्या येत्या सभेपुढे हा विषय यावा. सुरुवातीस दोनच खोल्या, उंबरठे काढलेल्या, न्हाणीत धरायला दांडी बसविलेल्या, गावातील वृद्धांनी दिवसभर येऊन बसावे अशा. आणि तेथे काम करणाऱ्या बाईचे वेतन कोणत्या खात्यातून द्यायचे, याचा निर्णय त्याच सभेत व्हावा.