पांडुरंगा, पायी जाता येईल एवढ्यावर

पांडुरंगा, दादासाठी आजवर तुझ्याकडे फार मोठं मागत आले. या वेळी थोडंच मागते. त्याच्या गावात, पायी जाता येईल एवढ्यावर, संध्याकाळी सातला उघडी असणारी एक खोली दाखव.

दारू सोडायच्या त्याच्या शपथांचा तुझ्या पायाशी ढीग पडलाय. आईच्या फोटोवर हात ठेवून झाला, पोरीच्या डोक्यावर ठेवून झाला, तुझी माळही गळ्यात पडली. माळ घालून सुटलेली माणसं आमच्या भावकीतच आहेत, तेव्हा माळेला बोल लावणार नाही. दादाची श्रावणभर टिकली. मग एका रात्री त्यानं ती स्वतःच उतरवली, देव्हाऱ्यात नीट ठेवली आणि बाहेर पडला. तेवढा मान तरी राखला तुझा! वहिनीनं तर ‘नकळत दारू सोडवा’ ही जाहिरात वाचून कसलीशी पावडर चहातून दिली. तिला क्षमा कर. पावडर विकणाऱ्यांचं काय करायचं ते तू बघ.

आता तो व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलाय. हातांची थरथर थांबली, जेवण जातं, झोप लागते. हे डॉक्टरांच्या नजरेखाली झालं ते बरं झालं. रोज पिणाऱ्याची एकदम तोडली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, नाही नाही ते दिसायला लागतं, प्रसंगी माणूस जातोसुद्धा. आज कुठल्या घरात कुणाला ‘बघू कशी सुटत नाही’ म्हणून कोंडून ठेवलं असेल, तर त्या घराला आधी दवाखान्याची वाट दाखव.

पण सातचं काय करायचं, विठ्ठला? कारखान्याची पाळी सुटलेली असते, स्टँडसमोरच्या बारचे दिवे लागलेले असतात. घरी आला तर वहिनीचं नाक त्याच्या श्वासावर, अण्णांचे डोळे घड्याळावर. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून पुण्यात आहे, तिथून किती जण उभे राहिले! पण दादाला पुणं चार तासांवर आणि बार चार मिनिटांवर.

मी इथं ठाण्यात बसून फोन लावतेय. एक जण म्हणाला, एएचा, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, गट होता, शाळेच्या वर्गात भरायचा, मग शाळेनं वर्ग काढून घेतला. दुसऱ्यानं नंबर दिला, तो कुणी उचलत नाही. त्या नंबरवरच्या माणसाला आज फोन उचलायची बुद्धी दे.

अशा गटात काय चालतं ते बघायला मी इथल्या ओपन मीटिंगला जाऊन आले. अशा मीटिंगला घरच्यांनाही बसता येतं. फी नाही, आडनाव नाही. उठायचं, नाव सांगायचं, मी अल्कोहोलिक आहे म्हणायचं. एका काकांनी सांगितलं, ते चपटी संडासातल्या फ्लशच्या टाकीत लपवायचे. सगळी खोली हसली. आमच्या घरी अशाच टाकीवरून दोन दिवस चूल पेटली नव्हती, आणि इथं माणसं डोळे पुसत हसत होती, कारण प्रत्येकाची अशी एक टाकी होती. दादाला हे हसू मिळू दे. उपदेश त्याला आम्ही पोटभर दिलाय.

तिथं तुझं नाव घेत नाहीत, उच्चशक्ती म्हणतात, ज्याला जशी उमगेल तशी. कित्येक ठिकाणी खोली चर्चची असते. तुला त्याचं काही वाटणार नाही. अण्णांना वाटेल, त्यांची समजूत घाल. दादाला तर ओळखीचं कुणी दिसेल याचीच धास्ती. रस्त्यात पडलेला अख्ख्या गावानं पाहिला तेव्हा लाजला नाही, आता न पिण्यासाठी जाताना कुणी पाहील म्हणून लाजतो. मन तूच घडवलंस, तूच समजून घे. आणि वहिनीलाही एक खोली दे. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन असतं म्हणतात. तिथं तिला घटकाभर कुणाचा वास घ्यावा लागू नये.

गावात गट नसेलच, तर तुला 1935 सालची आठवण करून देते. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात बिल नावाचा शेअरबाजारातला माणूस, काम फसलेलं, हॉटेलात एकटा उभा होता. दारू सोडून थोडेच महिने झालेले, आणि समोर बार. आत जायच्या ऐवजी तो चर्चच्या यादीतले नंबर फिरवत सुटला, मला दुसरा एखादा दारुडा भेटवा म्हणून. भेटला तो बॉब, ऑपरेशनं करणारा डॉक्टर. त्या वर्षीच्या 10 जूनला बॉबनं शेवटची घेतली, आणि त्या दिवसापासून एए आपलं वय मोजते. न पिण्यासाठी दोघं जमले तरी गट होतो, असं ती माणसं आजही मानतात.

मग एकच माणूस दे, विठ्ठला. कारखान्यातला दे, स्टँडवरचा रिक्षावाला दे. ज्याच्याशी बांधावरून आमची केस चालू आहे, तो शेजारी हल्ली पीत नाही असं ऐकते. तो असला तरी चालेल. कोर्टाच्या तारखेचं काय करायचं ते अण्णांशी मी बोलते.