“मन जडले, आम्ही काय करणार?”

जंगल भागातील एका प्रचारक बंधूंनी मला लिहिले आहे की, मंडळीतील एक तरुण व एक तरुणी घरच्यांस न सांगता निघून गेली होती, ती आता परत आली आहेत; त्यांची नावे पटावरून काढावी काय? तरुणास विचारिले तेव्हा तो एवढेच म्हणाला, “मन जडले, आम्ही काय करणार?”

हे उत्तर फार जुने आहे.

जी वर्धा नदी आपल्या चंद्रपूर जिल्ह्याच्या कडेने येऊन वैनगंगेस मिळते, तिच्याच वरच्या काठी कौंडिण्यपूर आहे. तेथील राजकन्या रुक्मिणी हिची कथा देवगिरीच्या यादवांच्या काळी, सुमारे १२९२ साली, नरेंद्र कवीने मराठीत गायिली. (ते आपले शास्त्र नव्हे, पण आपल्या भाषेचे धन खचित आहे.) भावाने ठरविलेला वर तिला नको होता. ती विरहाने तळमळते खरी. तथापि कोणास वरावयाचे हे ती स्वतः ठरविते व स्वतः निरोप धाडिते.

त्याच सुमारास इटली देशात दांते हा ख्रिस्ती कवी होऊन गेला (१२६५–१३२१). त्याच्या महाकाव्यात, नरकाच्या दुसऱ्या मंडलात, वासनेने वाहवलेले जीव वादळात सदा भिरभिरत असतात. तेथे त्यास फ्रांचेस्का भेटते. ही स्त्री कल्पित नव्हे. रिमिनी येथील एका सरदाराची ती पत्नी. दिरावर तिचे मन बसले, आणि सुमारे १२८५ साली नवऱ्याने दोघांस ठार मारिले. ती फार गोड बोलते. प्रीतीने मला धरिले, म्हणते. आम्ही एक प्रेमकथा वाचीत होतो, त्या पुस्तकाने घात केला, म्हणते. ‘मी केले’ असे मात्र एकदाही म्हणत नाही. तिचा प्रियकर शेजारी नुसता रडत असतो.

इच्छा हीच पाप असती, तर गीतरत्न हे पुस्तक आपल्या शास्त्रात नसते, जरी आपण पाळक लोक ते सभेत क्वचितच वाचतो. फ्रांचेस्काचा दोष मला निराळा दिसतो. जी प्रीती आपल्या कृत्याचा भार घेत नाही, ती दुसऱ्या माणसाचा भार जन्मभर कसा वाहणार?

आणि तिला नरकात घालणारा तोच कवी तिची कथा ऐकून दयेने मूर्च्छित होऊन पडतो. त्याने निकाल फिरविला नाही, पण डोळेही कोरडे ठेविले नाहीत. आपल्या पंचांच्या बैठकीत असे कोणी मूर्च्छित पडल्याचे मी पाहिले नाही.

मी त्या बंधूंस विचारिले, “तरुण बोलला, ती मुलगी काय म्हणते?” उत्तर आले की, तिला अद्याप कोणी विचारिलेच नाही. येत्या शनिवारी आम्ही दोघे तिच्या घरी जाणार आहो.