एका बाळासाठी एवढा खर्च?

मायक्रोव्हिलस इन्क्लुजन या आतड्याच्या अतिदुर्मीळ आनुवंशिक आजारात बाळाला जन्मानंतर काही दिवसांतच जुलाब लागतात. आईचे दूधही अंगी लागत नाही. शिरेतून पोषण किंवा आतड्याचे प्रत्यारोपण, एवढाच आधार. २००८ साली ‘मायो-५-बी’ या जनुकातील दोष सापडला. आता रुग्णाच्या आतड्याच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून औषधांचा शोध चालू आहे.

साध्या जुलाबाने दरवर्षी लाखो मुले दगावत असताना मोजक्या बाळांसाठी एवढा खर्च कशाला? प्रश्न खोटा नाही. या शोधातून पुढे इतरांचेही भले होईल, असे सांगून आम्ही सुटू शकलो असतो. पण त्या बाळाचे मोल त्यावर का ठरावे? हरवलेल्या मेंढराचा दाखला आपण मिस्सामध्ये कितीदा ऐकतो! त्या मेंढपाळाने खर्चाचा हिशेब मांडलेला दिसत नाही. आपण मांडतो, आणि मूल परक्याचे असले की जरा जास्तच.