चि. चिऊस, बॅग भरण्याआधी

मुनिरका, नवी दिल्ली
१६ मार्च

चि. चिऊस,


परवा दादा सांगत होता, तुझी बॅग आत्तापासूनच हॉलमध्ये उघडी पडली आहे आणि येणारा-जाणारा तीत काही ना काही टाकून जातो आहे. वहिनीने म्हणे कपाटातला जुना काश्मिरी कोटही बाहेर काढला. फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" करतेस आणि ठेवला की विसरतेस, म्हणून कागदावर लिहिते आहे. हा कागद बॅगेच्या झाकणाच्या कप्प्यात ठेवून दे.

इकडे सगळं ठीक. होळी झाली, जेएनयूकडे जाणाऱ्या रस्त्यावर काटेसावरीच्या लाल फुलांचा सडा पडतो आहे. तुझ्या काकांचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण संध्याकाळची फेरी चुकत नाही. हवा मात्र वेड लागल्यासारखी. सकाळी मदर डेअरीवर दूध आणायला जाताना शाल लागते, दुपारी पंखा फिरतो आणि पहाटे पुन्हा पायाशी रजई ओढावी लागते. मधेच पश्चिमेकडून एखादा झंझावात येतो, दोन सरी पडतात आणि पारा झपकन उतरतो. शेजारच्या बीजी म्हणतात, "आती-जाती ठंड से बचना." भर जानेवारीत इथे कुणी फारसं गाफील राहत नाही. सर्दी-खोकला धरतो तो या दिवसांत, चार तास ऊन बघून स्वेटर ट्रंकेत गेला की.

तू एप्रिलच्या मध्यावर ताईकडे, तिच्या बाळासाठी निघणार, तेव्हा नागपूर चाळिशीच्या पुढे गेलेलं असेल. त्या उन्हात बसून न्यू जर्सीच्या थंडीची कल्पना करायची म्हणजे माणूस एक तर काहीच घेत नाही, नाही तर सगळंच घेतो. तिथला एप्रिल आमच्या मार्चपेक्षाही लहरी. उत्तरेकडून कॅनडाची कोरडी गार हवा उतरते, दक्षिणेकडून मेक्सिकोच्या आखाताची दमट उबदार हवा वर सरकते. ज्या दिवशी जिचा जोर, त्या दिवशी तिचं राज्य. आज पंचवीस अंश, तर उद्या दुपारीही दहाच्या आसपास. त्यात वारा आणि पाऊस. अशा हवेला एक जाड कोट काय करणार? घातला तर घाम, काढला तर हुडहुडी, आणि उरलेला वेळ तो हातावर वागवत फिरायचं.

म्हणून पातळ कपडे घे, पण एकावर एक घालता येतील असे. आजीची गोधडी आठवते ना? जुन्या लुगड्यांचे चार-सहा थर आणि बारीक टाके, वजन ते काय, पण आत शिरलं की पाच मिनिटांत ऊब. ती ऊब कापडाइतकीच थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते. अंगावरही तेच करायचं. आत अंगालगत बसणारं पातळ इनर, त्यावर नेहमीचा कुर्ता किंवा शर्ट, त्यावर पुढून उघडणारा हलका लोकरी स्वेटर, आणि सगळ्यांवर वारा-पाऊस अडवणारं पातळ जॅकेट. डोक्यातून घालायचे स्वेटर नकोत. तिथे घरं, दुकानं, गाड्या आतून तापवलेल्या असतात. आत शिरताच एक थर उतरवायचा, बाहेर पडताना चढवायचा. चारचौघांत केस विस्कटून स्वेटर ओढत बसायला तुला आवडणार नाही, हे मला माहीत आहे.

सुती इनर मात्र घेऊ नकोस. सुती कापड घाम धरून ठेवतं, लवकर वाळत नाही आणि ओलं झालं की अंग गार पाडतं. लोकर थोडी ओलसर झाली तरी ऊब सोडत नाही. नागपुरात आता गरम कपडे शोधत उन्हात वणवण करू नकोस. हिवाळा संपता संपता सरोजिनी नगरात हेच कपडे स्वस्तात निघतात. दोन इनर आणि मुठीत मावेल असं घडीचं जॅकेट मी तुझ्यासाठी आणून ठेवलं आहे. विमानाच्या आदल्या दिवशी माझ्याकडे उतरशील तेव्हा घालून बघ, मोठं झालं तर खालचा शिंपी आवळून देईल. आणि हो, मुनिरक्याच्या मेट्रोने विमानतळावर जायचं मनात आणू नकोस. ती मजेंटा लाइन टर्मिनल १ ला जाते, तुझं विमान टर्मिनल ३ वरून आहे. काका सोडायला येतील.

तिकिटावर २३ किलोच्या दोन बॅगा लिहिल्यात म्हणून दोन्ही गच्च भरल्याच पाहिजेत असं नाही. पाच-सहा कपडे एकमेकांवर चालतील अशा रंगांचे घे, एक चांगली साडी किंवा ड्रेस घे, बंद बूट आणि चार जोड लोकरी मोजे घे. ताईकडे धुलाईचं यंत्र आहे आणि वाळवायचंही. वाळवायच्या यंत्रात सुती कुर्ते आणि लोकर टाकू नकोस, पुढच्या वेळी ते भाचीलाच बसतील. जाड कोट लागलाच तर ताईचा घाल. वहिनीला सांग, काश्मिरी कोट मी मागितला आहे, म्हणजे तिलाही वाईट वाटणार नाही. एक जोड कपडे, स्वेटर आणि शाल हातातल्या बॅगेत ठेव. विमानात गारठा असतो आणि मधे विमान बदलताना मोठी बॅग मागे राहिली तर दोन दिवस निभतील.

तिकडे हवामान फॅरनहाइटमध्ये सांगतात, ते एवढं लक्षात ठेव: ३२ म्हणजे पाणी गोठतं, ५० म्हणजे आपले १०, ६८ म्हणजे २०, ८६ म्हणजे ३०. सकाळी बाहेर पडताना दिवसाचा सर्वांत वरचा आकडा बघून भुलू नकोस. परतायच्या वेळी किती असेल ते बघ.

ताईच्या घरापासून रोझेल फार लांब नाही. जमलं तर तिकडून एक चक्कर मार. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये अमेरिकेत पोचल्या, त्या याच गावी कार्पेंटरबाईंच्या घरी उतरल्या. तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. नऊवारीत पाय उघडे राहतात, त्या थंडीत ती कशी पुरणार? म्हणून त्या गुजराती पद्धतीने पायघोळ साडी नेसू लागल्या. १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, पण क्षयाने पोखरलेल्या परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात गेल्या, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. तुला घाबरवायला हे लिहीत नाही, पोरी. एवढ्या सनातनी काळात त्या मुलीने हवेला बघून नेसण्याची रीत बदलली, तर तू साडीखाली गरम लेगिंग आणि वर जॅकेट घालायला लाजू नकोस. तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात फोटो चांगला यावा म्हणून कुडकुडत उभी राहू नकोस.

आता खरं सांगते, मला काळजी कपड्यांपेक्षा तुझ्या भिडेची आहे. लहानपणापासून तू अशी. दुसऱ्यांच्या घरी पाणी हवं असलं तरी मागणार नाहीस. ताईचे सासू-सासरेही तिथे आहेत, बाळाच्या धावपळीत ताईचं लक्ष सगळीकडे राहणार नाही. तू कोपऱ्यात ओढणी गुंडाळून बसशील आणि कुणी विचारलं तर म्हणशील, "मला नाही वाजत थंडी." असं करू नकोस. थंडी वाजली तर सांग, रात्री एक पांघरूण जास्त लागलं तर माग. ज्याच्या घरी आपण जातो त्यालाही कळायला हवं ना आपल्याला काय हवं ते? आजारी पडलीस तर भाचीला कडेवरही घेता येणार नाही, आणि तुझं सगळं जाणं तर तिच्यासाठीच आहे.

बॅग हलकी झाली की उरलेल्या जागेत मेतकूट, भाजणी आणि बाळासाठी मऊ दुपटी घे. फळं, बिया, रोपटी नकोत. विमानतळावर खाण्याचं काय आणलं असं विचारलं तर जे असेल ते खरं सांगायचं.

भरून झालं की बॅग काट्यावर ठेव आणि वजन मला कळव. पंधरा किलोच्या वर गेली तर आदल्या रात्री मी स्वतः उघडून बसणार, हे आत्ताच सांगून ठेवते. दादा-वहिनींना नमस्कार, आजीला साष्टांग. तुला पोटभर आशीर्वाद.

तुझी,
मुनिरक्याची आत्या